न नेलेल्या घड्याळांचं घर: आमची वाटचाल

आमच्या सांगलीच्या दुकानात एक लाकडी खण आहे. त्यावर आजोबांच्या अक्षरात 'न नेलेली' असं लिहिलंय. दुरुस्त होऊन तयार असलेली, पण मालक परत न आलेली घड्याळं त्या खणात जातात. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, काय काम केलं, किती पैसे. दुकानाच्या माडीवर आज जे छोटं घड्याळ संग्रहालय आहे, ते या खणातूनच उभं राहिलं.

आजोबा काम शिकले ते चाळीसच्या दशकात मुंबईत. देशाची स्टँडर्ड वेळ १ जानेवारी १९०६ पासून ठरलेली होती, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तरी मुंबईत जुना 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. घड्याळ परत देताना गिऱ्हाइकाला विचारावं लागे, "कुठला टाइम लावू?" हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, की माडीवर शिरताच समोर ३९ मिनिटांच्या फरकाने चालणारी दोन घड्याळं शेजारी शेजारी लावली आहेत. एक बंद आहे का, असं दर दुसरा माणूस विचारतो, आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

१९५२ मध्ये आजोबांनी हरभट रोडला दुकान टाकलं. टेबल, भिंग, चार चिमटे आणि पेट्रोलची वाटी, एवढंच भांडवल. अण्णा, म्हणजे माझे वडील, टेबलाला बसू लागले तेव्हा एचएमटीचा जमाना सुरू झाला होता. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना निघाला आणि पुढची पंचवीस वर्षं आमचं घर त्याच घड्याळांवर चाललं. 'जनता' हे १७ ज्युएलचं (म्हणजे झीज कमी व्हावी म्हणून आत बसवलेल्या १७ खड्यांचं), रोज चावी द्यायचं साधं घड्याळ. अण्णा ते बोलता बोलता उघडत, धूत, तेल देत आणि मिटत.

मग सेलची घड्याळं आली. त्यांच्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यापुढे आमची बॅलन्स व्हील, म्हणजे चावीच्या घड्याळात मागेपुढे झुलून वेळ धरणारी चाकं, कुठे पुरी पडणार! ती स्वस्त होती, वेळही बिनचूक देत, आणि बिघडली की लोक नवीनच घेत. पाठोपाठ मोबाइल आला. मी दुकानात आलो तेव्हा दिवसभरात चार सेल आणि दोन पट्टे एवढाच धंदा होता. त्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उधारी होती. एका संस्थेने मोठं काम करून घेऊन पैसे बुडवले. अण्णांचं मात्र एकच म्हणणं असे, की भिंतीवरचं टोल्याचं घड्याळ आलं तर परत पाठवायचं नाही, कारण ते करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही वरच्या फळ्यांवर ठेवता येईल तेवढं ठेवलं होतं, पण फळ्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तेव्हा 'न नेलेली' खण चिखलाने गच्च भरला होता.

इथे थोडं कामाचं बोलतो, कारण पुराच्या गावात ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भिजलेलं घड्याळ उन्हात ठेवू नका. पाण्यातून निघालेल्या पोलादाला हवा लागली की काही तासांत गंज धरतो, म्हणून यंत्र उघडेपर्यंत ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं. आम्ही दूधवाल्याकडून मोठी पातेली मागून आणली आणि सगळी यंत्रं त्यांत टाकली. लाकडी पेट्या जुन्या सरसाने चिकटवलेल्या होत्या. सरस पाण्यात विरघळला आणि पेट्यांच्या फळ्या सुट्या होऊन पडल्या. त्या सावलीत, वर वजन ठेवून सुकवल्या. कागदी तबकड्यांचा लगदा झाला. मिन्याच्या, म्हणजे धातूवर काचेसारखा मुलामा भाजलेल्या तबकड्या मात्र ओल्या फडक्याने पुसल्या आणि आकडे जसेच्या तसे वर आले. शंभर वर्षांपूर्वीची एक पांढरी तबकडी चिखलातून अशी उजळलेली पाहून अण्णा तिथेच खाली बसले.

आठवडाभरात लोक येऊ लागले. बादलीत, पोत्यात, साडीत गुंडाळून घड्याळं आणत होते. मिरज रोडहून एक आजी रिक्षाने आल्या. मांडीवर फक्त लंबक आणि तबकडी होती, पेटी वाहून गेली होती. "बाळा, चालायला नको, पण दिसायला हवं," म्हणाल्या. ते घड्याळ आम्ही नवी पेटी करून चालू करून दिलं. त्या वर्षी आम्ही रात्री बारापर्यंत बसत होतो. पैसे फारसे मिळाले नाहीत, पण आमच्याकडे कुठलं काम होतं ते गावाला कळलं.

खणातली घड्याळंही एकेक करून उठली. त्यांच्या मालकांना शोधलं. काहींची पोरं, नातवंडं येऊन घेऊन गेली. चिठ्ठीवर लिहिलेलेच पैसे घ्यायचे असं ठरवलं होतं, त्यामुळे एका लंबकाच्या घड्याळाचे आम्ही १८ रुपये घेतले. ज्यांचं कुणीच सापडलं नाही, ती माडीवर गेली, चिठ्ठ्यांसकट. संग्रहालय झालं ते असं. मग लोक आपली घड्याळंही देऊ लागले.

आता एकूण १४० आहेत, त्यांतली ११ कायम चालू असतात. जाणकारांपैकी काही जण सांगतात, जुनं यंत्र चालवू नका, पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, झिजतात आणि ती ज्यांत फिरतात ती भोकं अंडाकार होतात. ते खरं आहे. पण लंबक थांबलेलं घड्याळ लहान मुलाला फक्त लाकडाची पेटी वाटते. म्हणून दर तीन महिन्यांनी पाळी बदलतो आणि बाकीच्यांना विसावा देतो. टोल्यांच्या घड्याळांची वेळ आम्ही मुद्दाम अर्ध्या अर्ध्या मिनिटाने पुढेमागे ठेवली आहे. बारा वाजले की एकाचे टोले संपतात तोवर दुसऱ्याचे सुरू होतात. अर्ध्या तासाला एक धरून असं घड्याळ दिवसाला १८० टोले देतं. आठ दिवसांच्या एका चावीत १,४४०. दिवसातली मिनिटंही तेवढीच. हा निव्वळ योगायोग, पण मुलीने हिशेब करून दाखवला तेव्हा मला फार आनंद झाला.

शाळेच्या मुलांना सगळ्यात आवडतं ते घटिकापात्र. पूर्वी लग्नाचा मुहूर्त याच्यावर धरत. तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. आमची वाटी तांबटाकडून करून घेतली. भोक आधी मुद्दाम बारीक पाडलं, कारण मोठं करता येतं, लहान करायचं तर डाग द्यावा लागतो. पहिल्या दिवशी ३१ मिनिटं लागली. सुईने घासत घासत चौथ्या दिवशी २४ वर आणलं.

प्रवेश शाळांना मोफत, मोठ्यांना २० रुपये. त्यावर दिव्याचं बिलही निघत नाही. घर चालतं दुरुस्तीवरच. एचएमटीचं घड्याळांचं काम बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, तेव्हापासून वडिलांचं 'जनता' चालू करून द्या म्हणणारे वाढले आहेत. पुण्याहून, बेळगावहून कुरिअरने येतात. टेबलाला आता दोन मुलं शिकताहेत. त्यातल्या एकाचा हात अण्णांसारखा हलका आहे.

चावी आम्ही रविवारी सकाळी साडेनऊला देतो. त्या वेळी आलात तर एक चावी तुमच्या हातात देऊ. उजवीकडचं भोक वेळेचं, डावीकडचं टोल्यांचं. दोन्ही सावकाश भरायची, आणि हाताला अडल्यासारखं लागलं की पुढे जोर करायचा नाही.