बुलेटची ठकठक आणि न खोललेलं इंजिन

जुनी कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरची, बुलेट कधीच गप्प नसते. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टिकटिक, इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनची घरघर, गिअरबॉक्सचं गुणगुणणं, असं सगळं मिळून तिचा एक आवाज होतो. रोज चालवणाऱ्याचा कान त्याला इतका सरावलेला असतो की एखादा नवा ठोका मिसळला की लगेच कळतं. माझ्या १९८९ च्या साडेतीनशेमध्ये असाच एक ठोका शिरला. गाडी तापून आयडलिंगला आली की खालच्या बाजूने ठक, ठकठक, मध्येच एखादा चुकायचा, की पुन्हा ठक. जराशी रेस दिली की गायब.

कोल्हापुरात बुलेटची कामं करणारे पुष्कळ. ज्या गॅरेजात नेली तिथल्या मिस्त्रींनी उभ्या उभ्या ऐकलं आणि सांगितलं, "कनेक्टिंग गेलंय दादा. इंजिन खोलायलाच लागतंय. असंच चालवत बसलासा तर रॉड केस फोडून बाहेर येईल."

त्यांचा अंदाज उगाच नव्हता. जुन्या बुलेटच्या बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक जिथे क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडलेलं असतं तिथे, फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची कडी) असतं. तेल तापून पातळ झालं आणि बुश झिजलेलं असलं की आयडलिंगला खालून ठोका येतो. पण हे काम म्हणजे सगळं इंजिन उतरवायचं, फ्लायव्हील प्रेसवर उघडायची, नवा रॉड आणि बुश घालायचं आणि फ्लायव्हील पुन्हा ट्रू, म्हणजे न डगमगता फिरेल अशी, करायची. उद्यमनगरात हे करणारे चांगले हात आहेत. तरी एकदा बसलेली जुनी क्रँक विनाकारण उघडू नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून गाडी घरी आणली आणि आवाज कधी येतो, त्याहीपेक्षा कधी येत नाही, ते एका वहीत लिहायला सुरुवात केली.

आवाज गाडी जागेवर उभी असताना, न्यूट्रलमध्येही येत होता. त्यामुळे मागची चेन, चाक, ब्रेक हे सगळं एका फटक्यात बाद. क्लच दाबून पाहिला, ठोक्यात काही फरक नाही, म्हणजे गिअरबॉक्सवरचा संशयही कमी झाला. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात आवाज जास्त येतो आणि तापल्यावर पिस्टन फुगून तो कमी होतो. इथे बरोबर उलटं होतं.

टॅपेट मात्र हाताने तपासायचे असतात, कानाने नाही. सकाळी गार इंजिनावर किक सावकाश दाबत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला आणि उजव्या बाजूचं छोटं कव्हर काढलं. आतले पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत ढकल पोचवणारे दांडे) चिमटीत धरून फिरवायचे: सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली अजिबात हलता कामा नयेत. इनलेटचा अगदी बरोबर होता. एक्झॉस्टचा किंचित सैल वाटला, तो सेट केला. टिकटिक थोडी मऊ झाली, ठकठक होती तशीच राहिली.

मग तेल. इंजिन ऑइल गरम असतानाच एका पांढऱ्या भांड्यात काढलं आणि उन्हात धरून बोटांमध्ये चोळून पाहिलं. बुश खात असेल तर तेलात धातूची चमचम दिसते. इथे तेल काळं होतं, पण कण नव्हता. फिल्टरही स्वच्छ. नवं २०डब्ल्यू-५० भरलं, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा नट जरा सैल करून इंजिन चालू केलं, तर तेल व्यवस्थित वर येत होतं. म्हणजे पंपही ठीक.

सगळ्यात मोठा पुरावा मिळाला तो वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना. मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये, खालच्या वेगात, भरपूर रेस देऊन गाडी ओढायला लावली. बिगएंड गेलेलं असतं तर त्या लोडवर ते ओरडलं असतं. माझी गाडी मात्र चढावर एकदम स्वच्छ, फक्त सायलेन्सरचा धपधप आवाज. वर जाऊन थांबलो, आयडलिंगला आली, की ठकठक सुरू. रॉडचा ठोका असा वागत नाही, हे तिथेच माझ्या मनात पक्कं झालं.

घरी आल्यावर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानाजवळच्या हाडाला. सिलिंडरवर ठेवला तर ठोका लांबून आल्यासारखा. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरवर पंपाची आणि गिअरची खुळखुळ, ठोका पुसट. डाव्या चेनकेसवर, म्हणजे प्रायमरी चेनच्या कव्हरवर, टोक ठेवलं आणि हाडात खणकन् बसला. पुढच्या बाजूला, जिथे अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) असतो, तिथे सर्वांत जास्त. क्रँकचा आवाजही त्या बाजूने येऊ शकतो, हे खरं. पण चेनकेस उघडायला इंजिन खोलावं लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

डावा फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पेडल काढला, खाली ट्रे ठेवला. बुलेटचं हे एवढं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर असतं. तो निघाला, कव्हर सैल केलं, तेल वाहून गेलं. प्रायमरी चेन दाबून पाहिली, साधारण पाव इंच खेळ, म्हणजे जेवढा हवा तेवढाच. मग क्रँकच्या टोकावर बसलेला रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा फिरता भाग, दोन्ही हातांनी धरून उलटसुलट हलवला. टक. पुन्हा हलवला, टक. तोच आवाज, हातात!

रोटरचा नट सैल झालेला होता, पाना लावायच्या आधीच बोटांनी फिरला. वॉशरची कड नटावर दुमडलेलीच नव्हती. रोटर काढल्यावर त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी छोटी चावी हातात आली, तिच्या दोन्ही कडा चेपून गोल झालेल्या. स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर कड्याच्या) आतल्या बाजूला एक चकचकीत पट्टा, म्हणजे रोटर तिथे घासत होता. शाफ्टची खाच मात्र शाबूत होती, आणि ते पाहून माझा जीव खरोखर भांड्यात पडला.

आयडलिंगलाच आवाज का येतो, तेही आता उलगडलं. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे एकच सिलिंडर. आयडलिंगला प्रत्येक स्फोटाला क्रँक झटका खाते आणि मग मंदावते. सैल रोटर त्या झटक्याने चावीवर पुढेमागे आपटतो. रेस दिली की फिरणं एकसारखं होतं आणि रोटर एका बाजूला टेकून राहतो.

नवी चावी आणली. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी ती रोटरच्या खाचेत घट्ट बसेल अशी कानसून दिली, पैसे घ्यायलाही तयार होईनात. नवा लॉक वॉशर घातला, नट आवळून कड नीट दुमडली. रोटर आणि स्टेटरमधली फट चारही बाजूंनी सारखी, साधारण ०.२ मिलिमीटर लागते. तिथे पोलादी फिलर गेज चालत नाही, रोटरमध्ये चुंबक असल्यामुळे पट्टी चिकटून बसते. पितळेची पट्टी वापरावी. स्टेटरचे नट सैल करून, पट्टी सगळीकडून फिरवून, मग आवळले. कव्हरचं रबर नवं घातलं आणि लेव्हलच्या स्क्रूमधून पाझरेपर्यंत तेल भरलं.

दुसऱ्या किकला सुरू झाली. तापू दिली, आयडलिंग मुद्दाम खाली आणलं. ठोका नाही.

त्याच आठवड्यात जुनी चावी घेऊन त्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती बोटात फिरवून बराच वेळ पाहिली आणि पोऱ्याला हाक मारली, "त्या लाल बुलेटचं इंजिन उतरवू नगंस रं अजून. आधी डावं कव्हर काढ."