फाटकाबाहेरची दोन अंडी

सोमवार

हॉस्पिटलच्या पोर्चमधल्या फळ्यावर आज ‘उत्तम आर्जव’, म्हणजे सरळपणा. भाद्रपदातल्या पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा धर्म, म्हणजे गुण, रोज एक याप्रमाणे खडूनं लिहायचे, हे काम रिसेप्शनवरच्या पोरीकडं. खाली त्याच अक्षरात ‘सोनोग्राफी दुपारी 3 नंतर’.

ट्रस्ट जैन समाजाचा, मी जैन नाही, स्टाफमधले निम्मे नाहीत. वॉर्डातल्या मावशींपैकी एक रोजे धरते, एक दर रविवारी चर्चला जाते. मिरजेत याचं कुणाला काही वाटत नाही. माझी आजी इथल्याच मिशन हॉस्पिटलात आया होती. कॅनडातून 1889 साली आलेल्या डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये ते उभं केलं, आणि सांगलीकडं जाताना लागणाऱ्या वानलेसवाडीला नाव त्यांचंच. आजी गळ्यात तुळशीची माळ घालून सकाळच्या प्रार्थनेला उभी राहायची आणि घरी येऊन हरिपाठ म्हणायची. दोन्हीकडं हजेरी पूर्ण. ती सवय बहुतेक रक्तातच आली.

पर्वात काम वाढत नाही, वेळा तेवढ्या चुकतात. पेशंटचं रात्रीचं जेवण एरवीही दिवस मावळायच्या आत, साडेपाचलाच येतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. नवा पेशंट पहिल्या दिवशी ताटाकडं बघून म्हणतो, ‘हे चहाबरोबरचं का?’ नऊ वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की त्याला कळतं. इन्सुलिनवाल्यांसाठी डॉक्टरांनी भांडून वेगळी सोय करून घेतली आहे. त्यांचं ताट झाकून ठेवतात आणि आठला देतात. बाकीच्यांना गल्ली आहेच.

गल्ली म्हणजे आमची गल्ली. माझं घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर. नोकरी लागली तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, रिक्षाचे पैसे वाचले. वाचले खरे. पण माझ्या समाजसेवा विभागाची वेळ दारावर नऊ ते पाच लिहिलेली असली, तरी फाईल घेऊन माणसं रात्री साडेआठलाही माझ्या ओट्यावर बसलेली असतात. नवरा आता त्यांना न विचारताच चहा टाकतो. सासूबाई तर पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला यातलं काय कमी आहे ते माझ्या आधी सांगतात.

गुरुवार, उशिरा

फिमेल ऑर्थोतली आजी. मूळची विजापूरकडची. मुलगा कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, त्याच्याकडं आली आणि मोरीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, बिलाचं तेवढं राहिलंय. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार बसतात, पांढरं रेशनकार्डही चालतं, पण ते महाराष्ट्राचं पाहिजे. सीमाभागातल्या 865 गावांना सरकारनं या योजनेत घेतलं, त्यांत विजापूरकडचं तिचं गाव कुठलं असणार! मुलाचं नाव अजून गावच्याच कार्डावर.

मग उरतो तो धर्मादाय कोटा. उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2006 पासून ही योजना आहे: धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी इतर बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत. निर्धन म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांच्या आत. हे मी झोपेतही सांगेन. दाखला तहसीलदाराचा. मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘पगाराची स्लिप चालंल का, अक्का?’ स्लिपच नाही त्याच्याकडं, कंत्राटदार हातावर पैसे देतो.

हे सगळं नेहमीचंच. आजचा खरा घोळ निराळा होता. आहारतज्ज्ञ नवीन आहे, पुण्याची. तिनं आजीच्या केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: रोज दोन उकडलेली अंडी. सिस्टरनं तो कागद माझ्याकडं असा आणला, जसा काही पोलिसांचा समन्स आहे. फळ्यावर आज ‘उत्तम संयम’.

आवारात अंडं आणायचं नाही, हा नियम पायाभरणीपासूनचा. आहारतज्ज्ञ म्हणाली, हे अवैज्ञानिक आहे. मी तिला पोर्चमध्ये नेऊन भिंतीवरच्या पाट्या वाचायला लावल्या. डायलिसिस मशीन, लिफ्ट, बाळांची काचपेटी, सगळं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ. यातले बरेच देणगीदार हयातभर सूर्यास्तानंतर जेवलेले नाहीत. स्वयंपाकघरात अंडं फुटलं तर पुढची काचपेटी येणार नाही. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याच्या घरात राहायचं त्याच्या चुलीचा मान राखायचा, एवढाच हिशेब. तिला तो पटलेला दिसला नाही. पण पोरगी हुशार, तिनं स्वयंपाकघरात जाऊन हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी आजीच्या ताटात घालायला लावली. आजीनं माडगं प्यायलं, आणि मुलाला कानडीत काहीतरी म्हणाली. तो हसला. ‘अंडी कधी देणार इचारतीया.’ कागद तिलाही कुणीतरी वाचून दाखवला होता तर.

शनिवार

फिजिओथेरपीच्या मुलानं आज आजीला पहिल्यांदा व्हीलचेअरवर घेतलं. कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या झाल्यावर आजीनं बोट फाटकाकडं दाखवलं. मोकळी हवा, म्हटलं, जाऊ दे. बाहेर आमच्या समोरच्या काकू स्टीलचा डबा घेऊन उभ्याच. त्यांना कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नाही. गल्लीला एक्स-रेचे रिपोर्टसुद्धा आमच्या आधी कळतात.

फाटकाच्या रुळाबाहेर, गटारावरच्या फरशीशेजारी खुर्ची उभी. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं देणगीदारांच्या आईचं नाव, पुढं ‘यांचे पुण्यस्मरणार्थ’. आणि तिच्यावर बसून आजी अंडं सोलतेय. टरफल काकूंच्या पदरात. मीठ कागदाच्या पुडीत. पिवळा भाग तिनं आधी खाल्ला, पांढरा मागं ठेवला, आहारतज्ज्ञानं सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट. वॉचमन त्या वेळी पार्किंगमध्ये एका स्कूटरचा नंबर फार लक्ष देऊन वाचत होता.

नेमकी तेव्हाच अण्णांची गाडी आली. ट्रस्टी, वय ऐंशीच्या घरात, दहाही दिवस एकदाच जेवण. काच खाली झाली. माझी जीभ टाळूला चिकटली. अण्णांनी खुर्ची पाहिली, आजी पाहिली, काकूंचा पदर पाहिला.

‘चाकाला ब्रेक लावलाय का? तिथं उतार आहे.’

मी वाकून ब्रेक लावला. गाडी आत गेली.

दुपारी आजीच्या फाईलवर बोलायला केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. दाखला येईपर्यंत बिल थांबवायला लेखा विभाग तयार नव्हता, आणि त्यांचंही चूक नाही, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. कागदाशिवाय धर्मादाय निधीतून एक रुपया काढता येत नाही. अण्णांनी दोन फोन केले. इम्प्लांटचे पैसे एक जण देणार आहे. ‘पाटी नको म्हणतोय,’ असं त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे त्यांनाही त्याचं नवल वाटलं असावं.

अनंत चतुर्दशी

लिहायला वेळ नाही. मिरजेची मिरवणूक म्हणजे आज सुरू होऊन उद्या दुपारपर्यंत. मुख्य रस्त्यावर कमानी उभ्या, ॲम्ब्युलन्सला मागच्या बोळातून वाट. कॅज्युअल्टीत पाय चेंगरलेले, चक्कर आलेले, एक ढोलवाला हाताला टाके घालून घेऊन परत वाजवायला गेला. जिनालयात पूजा करून आलेल्या दोन सिस्टर निर्जळी उपवासात रात्रपाळी करताहेत. त्यांच्यातली एक पहाटे तीनला म्हणाली, भूक लागत नाही, पण तुमच्या चहाचा वास लांब न्या.

बुधवार

क्षमावणी. ट्रस्टी मंडळी सकाळी सगळ्या वॉर्डांतून हात जोडून फिरतात. ‘उत्तम क्षमा, काही चुकलं असेल तर माफ करा.’ सफाईवाल्या पोरालासुद्धा. तो दर वर्षी इतका गोंधळतो की उलटा त्यांच्याच पाया पडतो. आहारतज्ज्ञानं अण्णांना विचारलं, फाटकाबाहेर एखादं बाकडं टाकता येईल का, पेशंटना ऊन खायला. अण्णा म्हणाले, बघू. इथं ‘बघू’ म्हणजे होकारही असतो आणि नकारही, दिवाळीपर्यंत कळत नाही.

आजीला दुपारी सोडलं. जाताना तिनं काकूंचा डबा परत केला, धुऊन, आत मुठभर शेंगा घालून. मला म्हणाली, ‘बरतीनी’, येते. येणारच आहे, पुढच्या शनिवारी टाके काढायला. बिलाचा राहिलेला भाग अजून तसाच आहे. तहसीलदाराचा दाखला तेव्हा आण, म्हणून मुलाला बजावलंय, तलाठ्याकडं आधी काय मागायचं तेही चिठ्ठीवर लिहून दिलंय. कंत्राटदार सुट्टी देतो का ते बघायचं. नाही दिली तर रविवारी रात्री दोघंही माझ्या ओट्यावर असतील, आणि सासूबाई त्यांना आधार कार्डाच्या झेरॉक्स मागत असतील.