नुसत्या कडब्यावर मेंढरं जगत नाहीत, हे मला वीस मेंढ्यांनी शिकवलं

आमचं गाव सांगोला तालुक्यात. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला निघायचे, लेंडीखतासाठी रानात बसवायची, शेतकरी धान्य नाहीतर पैसे द्यायचा, पाऊस पडला की परत, असं वर्षानुवर्षं चाललेलं. 2023 ला पाऊसच झाला नाही, तालुका दुष्काळी जाहीर झाला, त्यात वडिलांचा गुडघा गेलेला. मग चुलत्यांबरोबर अर्धीच मेंढरं पाठवली आणि वीस दख्खनी मेंढ्या घरी ठेवल्या. मी म्हणलं वैरण तर द्यायचीय, त्यात काय एवढं.

कडबा होता घरचा. कुट्टी करून दोन टाइम गव्हाणीत टाकायचो, पोट टम्म दिसायचं म्हणून मी खुश. महिन्याभरात पाठीवर हात फिरवला की मणक्याची हाडं मोजता यायला लागली. डॉक्टरांनी बघितलं आणि सरळ म्हणले, पोट भरतंय पण जनावर उपाशी आहे. मेंढीच्या पोटात जे जंतू कडबा पचवतात त्यांनाच नत्र मिळत नाही, मग कडबा नुसता पडून राहतो, मेंढी कमी खाते आणि खाल्लेलंही अंगी लागत नाही. थोडा शेंगवर्गीय चारा, म्हणजे शेंगा येणाऱ्या झाडांचा पाला, दिला की त्यांना नत्र मिळतं आणि तोच कडबा पचायला लागतो. आम्ही इतकी वर्षं चारा किती टाकला तेवढंच मोजत होतो.

आता शेंगवर्गीय आणायचं कुठनं? जानेवारीत तुरीची मळणी चालू होती. मळणीनंतर जे भुसकाट राहतं, पाला, शेंगांची टरफलं, बारीक काड्या, ते आमच्याकडं लोक बांधाला टाकतात नाहीतर पेटवून देतात. मी मळणीवाल्याच्या मागं मागं फिरून चार रानातलं भरून आणलं, लोक हसले. मेंढ्यांनी मात्र गव्हाण चाटून पुसून साफ केली, जाड तुराट्या तेवढ्या चघळ (खाऊन उरलेलं) म्हणून राहिल्या, त्या चुलीला.

हिरवं म्हणून बांधावरची सुबाभूळ रोज तोडून टाकायला लागलो. फुकटात मिळते, मेंढरं तुटून पडतात, मग हात आखडता कशाला घ्यायचा? काही दिवसांनी दोन मेंढ्यांची लोकर नुसती धरली तरी मुठीत यायला लागली. आजी म्हणाली नजर लागली, मीठमोहरी उतरून टाकली. डॉक्टर म्हणले नजर कुणाची नाय, सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण हिरव्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्शाच्या वर द्यायची नाही. कमी केल्यावर लोकर परत आली (आजी अजून मीठमोहरीचंच नाव सांगते).

तेल्या रोगानं गेलेली डाळिंबाची बाग काढली होती, ड्रीप तशीच पडलेली, त्यातल्या दहा गुंठ्यांत फेब्रुवारीच्या शेवटी दशरथ घास केला, हापण शेंगवर्गीयच हिरवा चारा. बी दोन किलो लागलं, पण पहिल्यांदा साध्या पाण्यात भिजवून टाकलं तर जेमतेम कुठं कुठं उगवलं. बियाचं कवच लय टणक असतंय. परत बी आणलं, उकळीच्या थोडं खाली असलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवलं, मग रात्रभर गार पाण्यात, तेव्हा कुठं दाट उगवलं. बोअरचं पाणी दिवसाला दोन तास, तेवढ्यावर भागलं. पहिली कापणी तीन महिन्यांनी, मग साधारण दीड महिन्याला एक, खाली वीतभर खुंट ठेवायचा नाहीतर फुटवा मार खातो. लसूणघासाला पाणी जास्त लागतं आणि ओला भरपूर खाल्ला तर पोट फुगतं, दशरथचा तो ताप मला अजून आला नाही.

मग गणित असं बसलं, एका मेंढीला दिवसाला तुरीचं भुसकाट अर्धा किलो, कडब्याची कुट्टी पाव किलोच्या आसपास आणि दशरथ दीड किलो. गाभण मेंढ्यांना शेवटचा दीड महिना वर दोनशे ग्रॅम मक्याचा भरडा आणि सरकी पेंड, तेपण एकदम नाही, मूठमूठ वाढवत दहा-बारा दिवसांत. भरड्याचं पोतं उघडं राहिलं आणि एक मेंढी त्यात घुसली, दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हापासनं पोती कुलपात. आणि गाईचं खनिज मिश्रण मेंढरांना देऊ नका, त्यात तांबं असतं, ते मेंढीला बाधतं, दुकानदार सांगत नाहीत.

नोव्हेंबरात मेंढ्या व्याल्या. मागच्या साली दूध नाही म्हणून कोकरांना बाटली लावावी लागली होती, ह्या खेपेला दोनच कोकरांना लागली, तीपण जुळी होती. चुलते मेंढरं घेऊन परत आले तेव्हा आपल्या आणि माझ्या मेंढ्यांच्या पाठी दाबून बघितल्या, बोलले काहीच नाहीत. जाताना मात्र दशरथचं बी मागून नेलं, आणि वडिलांनी मळणीवाल्याला यंदा माझ्याआधीच फोन लावून ठेवलाय.