प्रत्यारोपित मूत्रपिंडाभोवती द्रव साचतो तेव्हा

माझ्या धाकट्या भावाला आईचे मूत्रपिंड बसवल्यावर दुसऱ्या महिन्यात त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, पुन्हा वाढू लागले, तेव्हा शरीराने अवयव नाकारला असेच आम्हा सर्वांना वाटले. सोनोग्राफीत मात्र मूत्रपिंडाशेजारी साचलेला द्रव दिसला. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि तिथल्या सूक्ष्म लसिकावाहिन्या कापल्या गेल्यामुळे पाझरणारी लसिका, म्हणजे ऊतींमधून रक्ताकडे परत जाणारा पातळ द्रव, काही आठवडे किंवा महिने साठत राहू शकते. साठा लहान असेल तर बहुधा नुसते लक्ष ठेवणे पुरते. पण त्याचा दाब मूत्रवाहिनीवर आला तर लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते, शिरेवर आला तर त्या बाजूचा पाय सुजतो.

उपचारापूर्वी तो द्रव नेमका कोणता हे कळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुईने काढलेल्या नमुन्यातील क्रिएटिनिन रक्तातल्याइतकेच असेल तर बहुधा ती लसिका असते, कितीतरी जास्त असेल तर लघवीची गळती, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. भावाची लसिकाच निघाली. सुईने ओढून काढलेली लसिका अनेकदा पुन्हा भरते, म्हणून नळी ठेवली. फिकट पिवळसर द्रव पिशवीत उतरे आणि आई त्याचे माप रोज वहीत लिहून ठेवी. तरीही पाझर थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने त्या पोकळीला उदरपोकळीत वाट करून दिली, कारण उदराचे अस्तर हा द्रव शोषून घेते. जंतुसंसर्ग झालेला साठा मात्र असा आत सोडता येत नाही. तो नळीने बाहेरच काढावा लागतो.