धाकट्या भावाची अपूर्णांकांची बेरीज

सहावीतल्या धाकट्या भावाच्या वहीत १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली त्याच चालीने सोडवलेली आणखी पाच गणितं. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. गृहपाठ दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता, त्यामुळे छेदांचा लसावि, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य, काढायला लावून उत्तरं दुरुस्त करून घेणं सोपं होतं. ते मी मुद्दाम टाळलं. ही चूक रीत विसरल्यामुळे होत नाही, ३/५ मध्ये मुलाला दोन सुट्या संख्या दिसतात म्हणून होते. ती समजूत तशीच ठेवून वर लसाविची रीत चढवली, तर आठ दिवसांनी २/५ पुन्हा वहीत उगवतं.

म्हणून सगळ्यात आधी, उत्तर चुकलंय हे त्याचं त्याला दिसेल अशी सोय केली. कोऱ्या कागदाच्या २० सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या कापल्या. आख्खी पट्टी म्हणजे १. एकीचा अर्धा भाग रंगवला, तो १० सेंमी. दुसरीचे पाच सारखे भाग करून दोन रंगवले, ते ८ सेंमी. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं, हे फूटपट्टीवर दिसल्यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच २/५ खोडलं.

मग वाचण्याची सवय बदलली. शाळेत ३/५ हे ‘तीन छेद पाच’ असं वाचतात. त्यात चूक काही नाही, पण कानाला दोन आकडे ऐकू येतात आणि मूल ते दोन्ही मिळवायला घेतं. आपल्याकडे त्याचं दुसरं वाचन आहे, ‘तीन पंचमांश’. यात तीन ही मोजणी आणि पंचमांश हे तुकड्याचं नाव. तीन पंचमांश अधिक एक पंचमांश किती, असं तोंडी विचारलं की ‘चार पंचमांश’ हे उत्तर आपोआप येतं, जसं तीन पेरू आणि एक पेरू मिळून चार पेरू. पेरूंची बेरीज करताना ‘पेरू’ या शब्दाची बेरीज कोणी करत नाही. छेद हे नाव आहे, म्हणून समच्छेद, म्हणजे सारखा छेद असलेल्या, बेरजेत तो जसाच्या तसा उतरतो. द्वितीयांश, तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश, षष्ठांश, अष्टमांश, दशांश एवढे शब्द पुरतात. त्यापुढे ‘बारावा भाग, असे सात’ असं साधं बोललं तरी चालतं. सेमी-इंग्रजीत न्यूमरेटर-डिनॉमिनेटर शिकणाऱ्या मुलांशीही निदान पहिले दोन दिवस हे मराठी वाचन करावं असं माझं ठाम मत आहे. वहीत शब्द शाळेचेच राहू द्यावेत.

इथे त्याने एक शंका काढली आणि ती अगदी रास्त होती. चाचणीत एका प्रश्नाला ८/१० आणि दुसऱ्याला ७/१० मिळाले, तर उत्तरपत्रिकेवर १५/२० लिहितात. तिथे वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेले चालतात, मग इथे का नाही? बऱ्याच मुलांच्या डोक्यात २/५ ची मुळं इथेच असतात आणि ही शंका उडवून लावली तर ती आतल्या आत राहते. उत्तर ‘पैकी’ या शब्दात आहे. गुणांमधला ८/१० म्हणजे दहापैकी आठ. दुसरा प्रश्न आला की मिळालेले गुण वाढतात, तसे एकूण गुणही वाढतात, म्हणजे ‘आख्खं’च मोठं होतं. अपूर्णांकांच्या बेरजेत आख्खी पट्टी एकच, तिची लांबी बदलत नाही. ८ दशांश आणि ७ दशांश मिळून १५ दशांश होतात, म्हणजे दीड पट्टी. आडवी किंवा तिरकी रेघ दिसली की तो अपूर्णांकच असेल असं नाही, हे मुलाला एकदा स्पष्ट सांगावं. घरात शेतीचे कागद असतील तर सातबारा दाखवावा. तो ७/१२ असा लिहितात, पण तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा आहे, बारापैकी सात नव्हे.

यानंतर वेगवेगळ्या छेदांची बेरीज. यासाठी गोल भाकरी किंवा पिझ्झा काढून दाखवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. वर्तुळाचे तीन सारखे भाग मुलांना हाताने करता येत नाहीत, दोन वर्तुळं सारख्या आकाराची येत नाहीत आणि तृतीयांशाला चतुर्थांशाची फोड जोडली तर त्या आकाराला काय म्हणायचं ते चित्रातून कळत नाही. सरळ पट्टी बरी. तिची लांबी २४ सेंमी घ्यावी, कारण २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो. ए-फोर कागद जवळजवळ ३० सेंमी लांब असतो, त्यातून अशा सहासात पट्ट्या आरामात निघतात. अर्धा १२ सेंमी, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३, बारावा भाग २ सेंमी. घड्या घालत बसू नये, तिनाची घडी नेहमी वाकडी पडते. फूटपट्टीने खुणा करून कात्रीने कापावं आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा अपूर्णांक लिहावा.

१/३ चा तुकडा आणि १/४ चा तुकडा टोकाला टोक लावून ठेवले. लांबी झाली १४ सेंमी. आता या लांबीला नाव द्यायचं. चतुर्थांशाने मोजलं तर दोन बसले आणि २ सेंमी उरले. तृतीयांशाने मोजलं तर एक बसला, ६ सेंमी उरले. षष्ठांश तीन बसले आणि पुन्हा २ सेंमी उरले. बाराव्या भागाचे तुकडे मात्र बरोबर सात बसले, म्हणून ७/१२. त्याच वेळी १/३ खाली चार आणि १/४ खाली तीन तुकडे नेमके बसतात हेही दिसलं, म्हणजे १/३ = ४/१२ आणि १/४ = ३/१२. समच्छेद करणं म्हणजे दोघांनाही पुरेल असा एकच तुकडा शोधणं. त्याने १ सेंमीचे चोविसावे भागही लावून पाहिले. तेही बसले, १४. १४/२४ हे उत्तर चूक नाही, फक्त त्याला २ ने संक्षिप्त करावं लागतं. सामाईक विभाज्य कोणताही चालतो, लघुतम घेतला की आकडे लहान राहतात, हे लसाविचं कारण असं हातात आलं. तृतीयांश आणि पंचमांश एकत्र असतील तर १५ सेंमीची पट्टी घ्यावी. २/३ म्हणजे १० सेंमी, १/५ म्हणजे ३ सेंमी, बेरीज १३/१५.

पट्ट्या एकाच संध्याकाळी वापरल्या, दुसऱ्या दिवशी वही. चौकटीच्या वहीत एका अपूर्णांकाला उभ्या दोन चौकटी द्यायच्या, मधली रेघ हीच अपूर्णांकाची रेघ, आणि बरोबरीची चिन्हं एकाखाली एक. हे निव्वळ टापटिपीसाठी नाही. अंश-छेद वरखाली सरकले की तिसऱ्या ओळीत मूल भलत्याच आकड्याला गुणतं.

३/८ + ५/१२ हे गणित घेऊ. लेखणी टेकवण्याआधी अंदाज: ३/८ अर्ध्याला थोडा कमी, ५/१२ सुद्धा अर्ध्याला थोडा कमी, म्हणजे उत्तर १ च्या जरा अलीकडे. मग मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा. १२ ला ८ ने भाग जातो का? नाही. २४ ला? जातो. छेद २४. २४ भागिले ८ बरोबर ३, म्हणून पहिल्या अपूर्णांकाचे अंश आणि छेद दोन्ही ३ ने गुणायचे, ९/२४. २४ भागिले १२ बरोबर २, म्हणून दुसरा १०/२४. बेरीज १९/२४. अंदाजाशी जुळतं.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे छेद बदलायचा आणि अंश तसाच ठेवायचा: १/३ + १/४ = १/१२ + १/१२ = २/१२. यावर उपाय एकच, तोंडी गुणाकार बंद. वर ‘× ४’ आणि खाली ‘× ४’ असं दोन्हीकडे लिहायचंच, निदान पहिली वीस गणितं. ४/४ म्हणजे १, आणि १ ने गुणलं तर किंमत बदलत नाही, हे त्या लिहिण्यातून डोळ्यांसमोर राहतं. नुसतं खाली ४ ने गुणलं की तुकडा लहान होतो पण संख्या तीच राहते, म्हणजे मधला माल गायब.

लसावि दोन्ही संख्या शेजारी लिहून मूळ संख्यांनी भागत काढायची रीत शाळेत असते. १२ आणि १८ घेतले तर २ ने भागून ६ आणि ९, ३ ने भागून २ आणि ३. मुलं डावीकडचे २ आणि ३ गुणून ६ लिहितात आणि खाली उरलेले २ आणि ३ विसरतात. ते ६ म्हणजे मसावि, महत्तम सामाईक विभाजक, झाला. लसावि २ × ३ × २ × ३ = ३६. तपासायला सोपं आहे: लसावि मोठ्या छेदापेक्षा लहान असूच शकत नाही.

पाढे कच्चे असतील तर अपूर्णांक शिकवताना पाढ्यांवरून रागावू नये. दोन अडचणी एकमेकींत मिसळतात आणि नक्की कुठे अडतंय तेच कळत नाही. मी समासात १२, १५ आणि १८ चे पाढे आधीच लिहून दिले. पाढ्यांचं पाठांतर दिवसाच्या वेगळ्या वेळी.

छेदांचा सरळ गुणाकार करून तिरकस गुणण्याची पद्धत त्याला शेजारच्या मित्राने शिकवली होती. ती बरोबर आहे, पण ५/१२ + ७/१८ ला लावली तर ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ होतं, आणि याला ६ ने भाग जातो हे ओळखताना मूल दमतं. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० साली, समच्छेदाच्या नियमात ही एकमेकांच्या छेदांनी गुणायची रीत दिली आहे आणि लगेच पुढे जाणत्यांसाठी दुसरी सांगितली आहे: छेदांना आधी सामाईक विभाजकाने भागून घ्या आणि त्या लहान झालेल्या आकड्यांनी एकमेकांना गुणा. १२ आणि १८ ला ६ ने भागलं की २ आणि ३. पहिला अपूर्णांक ३ ने गुणला, १५/३६. दुसरा २ ने, १४/३६. बेरीज २९/३६. समच्छेद हा शब्दही तिथलाच, हे सांगितल्यावर त्याला ही रीत जास्त आवडली, आणि लसावि वेगळा काढावाही लागत नाही.

लसावि घेतला म्हणजे उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त येतं असंही नाही. १/६ + ३/१० = ५/३० + ९/३० = १४/३०, म्हणजे ७/१५. शेवटी एकदा पाहायचंच. आणि काटाकाट फक्त उत्तराच्या अपूर्णांकात. ३/४ + ४/५ मध्ये तिरके समोर आलेले दोन ४ कापायचे नाहीत, ती मुभा गुणाकाराला आहे.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत पूर्णांक वेगळे मिळवावेत, अंशाधिक (अंश छेदापेक्षा मोठा) करण्याच्या भानगडीत पडू नये. २ पूर्णांक ३/४ अधिक १ पूर्णांक ५/६ घेतलं तर पूर्णांक ३, आणि ९/१२ + १०/१२ = १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. एकूण ४ पूर्णांक ७/१२. मुलं ‘३ पूर्णांक १९/१२’ वर थांबतात. अंशाधिक करूनच पाहिलं तर ११/४ + ११/६ = ३३/१२ + २२/१२ = ५५/१२, उत्तर तेच, पण आकडे मोठे. लिहिताना पूर्णांक ठळक आणि रेघेच्या बरोबर समोर काढावा, नाहीतर २ पूर्णांक ३/४ चे २३/४ होतात.

अंदाजासाठी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द फार कामाचे आहेत. पाऊण अधिक अर्धा म्हणजे सव्वा, दीड अधिक पाऊण म्हणजे सव्वादोन. भाजी आणायला जाणाऱ्या मुलाला पाव किलो आणि अर्धा किलो मिळून पाऊण किलो हे वहीशिवाय येतं. वहीत १/४ + १/२ = २/६ लिहिलं असेल तर त्यालाच मोठ्याने वाचायला लावावं, ‘पाव आणि अर्धा मिळून एक तृतीयांश’.

वजाबाकीत नवीन एकच गोष्ट येते, उसना घेणं. ४ पूर्णांक १/३ वजा १ पूर्णांक ३/४ समच्छेद करून ४ पूर्णांक ४/१२ वजा १ पूर्णांक ९/१२ होतं. ४ मधून ९ जात नाहीत, म्हणून शेजारच्या ४ मधून एक घ्यायचा. सवयीने मुलं इथे १० मिळवून १४/१२ करतात, पण घेतलेला एक म्हणजे आख्खी पट्टी, तिचे इथे बारा तुकडे. ४ आणि १२ मिळून १६. आता ३ पूर्णांक १६/१२ वजा १ पूर्णांक ९/१२, उत्तर २ पूर्णांक ७/१२.