तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गाइज’मध्ये बायका येतात का?

नोकरी करणाऱ्यांना मी इंग्रजी बोलायला शिकवते. दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, “मॅडम, गाइ म्हणजे पुरुष ना? मग आम्हा बायकांनाही साहेब ‘यू गाइज’ का म्हणतात?”

हा शब्द मुळात एका माणसाचं नाव आहे. गाइ फॉक्स, जन्म १५७०, गाव यॉर्क. इंग्लंडात कॅथलिक पंथाच्या ख्रिश्चनांवर जुलूम चालला होता, तेव्हा रॉबर्ट केट्सबी हा कॅथलिक आणि त्याच्या साथीदारांनी राजा जेम्ससकट संसद उडवून द्यायचा कट रचला. संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं ठेवली. स्पेनच्या सैन्यात लढून आलेला फॉक्स त्यांच्या राखणीला होता. एका निनावी पत्रानं कट फुटला आणि ४ नोव्हेंबर १६०५च्या रात्री तो पकडला गेला. नाव सांगितलं, ‘जॉन जॉन्सन’. मग ‘टॉवर ऑफ लंडन’ या किल्ल्यात छळ झाला. छळानंतरच्या जबाबाखाली सही म्हणून नुसतं ‘गिडो’ (‘गाइ’चंच इटालियन रूप) आहे, पुसट, थरथरलेलं. थोड्या दिवसांनी केलेली सही पुन्हा ठसठशीत. दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या की माझ्या पोटात कालवतं. कट भयंकरच होता, पण हातात लेखणीही धरवू नये इतकं माणसाला पिळणं हेही भयंकरच. जानेवारी १६०६मध्ये त्याला देहदंड झाला.

पुढे कट फसल्याच्या आनंदात दर ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटू लागल्या. त्यात जाळायच्या चिंध्या-पेंढ्याच्या पुतळ्याला ‘गाइ’ म्हणत. पोरं तो घेऊन, आपल्याकडे होळीची वर्गणी मागतात तशी, ‘पेनी फॉर द गाइ’ म्हणत फिरायची. त्यावरून एकोणिसाव्या शतकात गबाळ्या, विचित्र कपड्यांतल्या माणसाला गाइ म्हणायला लागले. अमेरिकेत त्यातला टोमणा गळाला आणि कुणीही पुरुष ‘गाइ’ झाला.

बायका आल्या त्या अनेकवचनात. इंग्रजीत एकालाही ‘यू’ आणि दहा जणांनाही ‘यू’. ‘तुम्ही सगळे’ म्हणायची सोय हवी होती, ती ‘यू गाइज’नं केली.

तेव्हा हो, ‘यू गाइज’मध्ये तुम्ही आहात. ‘अ गाइ’ मात्र पुरुषच. तरीही ज्या बायकांना ते खटकतं त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. ‘एव्हरीवन’ म्हणायला काय जातं? साहेबांना मोकळेपणानं सांगा. आणि वयानं मोठ्या ग्राहकांशी बोलताना ‘गाइज’ तुम्हीही टाळा.