विमान जॅकवर चढवताना

घरी बांधलेलं विमान तसं हलकं. आरव्ही-७ हे किटमधून घरी बांधायचं दोन जणांचं विमान रिकामं असताना साधारण ५०० किलो भरतं. दोन पंखांखाली दोन जॅक लावले की एकेकावर जेमतेम २५० किलो. दोन टनी बॉटल जॅकला (तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीसारखा उभा जॅक) हे काहीच नाही, म्हणून माणसं निर्धास्त होतात. पण विमान पडतं ते जॅक सरकला, कलंडला किंवा तोल फिरला म्हणून. जॅक निवडताना टनांपेक्षा बुडाची रुंदी बघा.

पंखाखाली विमान बांधून ठेवायची जी रिंग असते, तिथे ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचं भोक आहे. रिंग काढून तिथे गोल डोक्याचा बोल्ट पूर्ण आत बसवा आणि जॅकच्या माथ्यावर त्याला बसेल अशी वाटी करा. सपाट माथ्यावर बोल्ट टेकवू नका, घसरतो. पंखाचा पत्रा ०.६ ते ०.८ मिलिमीटरचा, दोन रिबांच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्यांच्या) मधे काहीही टेकवलं की पोचा आलाच. घोडीवर ठेवायचं तरी ती स्पारखाली (पंखातली मुख्य लांब तुळई) किंवा बल्कहेडखाली (धडातली आडवी भिंत), जाड गादी घालून.

तोल हा खरा घोळ. इंजिन उतरवलं की पुढचे सव्वाशे किलो एकदम जातात आणि नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसतं. शेपटीचे भाग काढले की उलटं. पंखांतली इंधनाची एक टाकी भरलेली आणि दुसरी रिकामी असेल तर ५७ किलोंचा फरक पडतो. म्हणून आज विमानावर काय आहे आणि काय नाही, ते आधी मोजा.

फक्त नाक उचलायचं असेल तर शेपटीच्या रिंगेला वजन टांगतात. किती? नाकाच्या चाकाखाली वजनकाटा ठेवा. समजा १२० किलो आले, नाकाचं चाक मुख्य चाकांपासून १.५ मीटर पुढे आणि रिंग ४ मीटर मागे आहे: १२० × १.५ ÷ ४ = ४५ किलो. हे नुसतं तोलायला. मी दीडपट तरी लावेन. आडव्या शेपटीच्या टोकावर मात्र कधीही दाबू नका.

दोन्ही बाजू आळीपाळीने, एका वेळी २-३ सेंटिमीटर वर घ्या. तिसरा माणूस शेपटीपाशी हवाच. शेपटीला ताणून पट्टा बांधलेला असेल तर पंख वर जाताना तोच पट्टा विमान मागे खेचतो, तेव्हा पट्टाही सैल करत जा. हवी ती उंची आली की जॅकच्या दांड्याभोवती लोखंडी कडं किंवा लॉकनट बसवा. नुसत्या तेलाच्या दाबावर विमान सोडून जाऊ नये, सील गळतात. वारा आत येऊ नये म्हणून हँगरचं (विमानाच्या शेडचं) दार बंद ठेवा आणि कॉकपिटमध्ये कोणालाही चढू देऊ नका.

चाक खोलायचं असेल तर आधी टायरमधली सगळी हवा सोडा, मगच रिमचे बोल्ट ढिले करा.

लवचीक पोलादी पायांची चाकं वर उचलली की आत येतात. विमान खाली टेकवताना टायर जमिनीला चिकटतो आणि पाय फाकू देत नाही, आडवा ताण तसाच राहतो. प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकमेकांवर ठेवा, म्हणजे चाक आपोआप बाहेर सरकेल. पत्रे नसतील तर उतरवल्यावर विमान दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, आणि चाकांची अलाइनमेंट त्यानंतरच मोजा.